सात नंबर

मुळा धरणाचा उजवा कालवा राहुरी तालुक्यातून निघून नेवासे, शेवगाव, पाथर्डीकडे जातो. धरण २६ टीएमसीचं; जलाशयाचं नाव ज्ञानेश्वरसागर. पण कालव्यावर शेती करणाऱ्याला या आकड्यापेक्षा आपली चारी आणि आपली पाळी जवळची. नेवासे तालुक्यातल्या अशाच एका चारीवर बापूंचं रान अगदी तोंडाशी होतं आणि आक्कांचं अगदी शेपटाला.

आक्का दर हंगामाला सात नंबरचा अर्ज भरायच्या. पाणीमागणीचा हा अर्ज अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही बागायतदाराच्या ओळखीचा. गट नंबर, पीक, क्षेत्र लिहायचं, थकबाकी चुकती करायची आणि मुदतीत अर्ज द्यायचा. मंजूर अर्जांवरून शेजपाळी लागते: कुणाला, कोणत्या दिवशी, किती तास. पाणी शेपटाकडून तोंडाकडे द्यायचं असा दंडक, कारण उलटं केलं तर शेपटाला काही उरतच नाही. एवढं असूनही आक्कांची पाळी कायम तुटपुंजी पडायची. रात्रभर दारे धरूनही कांद्याचे शेवटचे वाफे कोरडे राहायचे. वरून पाणी पुरेपूर सोडल्याचं वही सांगायची. मधल्या मध्ये ते कुठे जातं, याची नोंद वहीत नव्हती.

बापूंनी सात नंबर कधी भरला नाही. त्यांना गरजच नव्हती. चारी मातीची, तिचा पाझर थेट त्यांच्या विहिरीत उतरायचा. विहीर त्यांची, मोटार त्यांची, वीजबिल त्यांचं. “आपलं कालव्यावर काही नाही, आपलं सगळं विहिरीवर,” असं ते सांगायचे. ते खोटं बोलत नव्हते, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. त्यांना खरोखर तसंच वाटत होतं. उन्हाळ्यातही विहिरीला पाणी आहे म्हणजे आपल्या रानात झरा चांगला आहे, अशी त्यांची समजूत.

मग एका वर्षी चारीला सिमेंटचं अस्तर झालं. त्या रब्बीत आक्कांचे सगळे वाफे भिजले आणि बापूंच्या विहिरीचा तळ दिसला. तोडणीला अजून अवकाश असलेला ऊस वाळायला लागला.

पाणी वापर संस्थेची सभा मारुतीच्या देवळात भरली. बापू उभे राहिले ते तापूनच. “माझं पाणी बंद केलं तुम्ही! न विचारता!” काही जण हसले. एक जण म्हणाला, “बापू, तुमचं पाणी होतं कुठं? यादीत नाव दाखवा.”

सभेत तात्या बसले होते. निवृत्त कालवा निरीक्षक. त्यांनी हसणाऱ्यांना गप्प केलं आणि बापूंना विचारलं, “सात नंबर भरला होता का कधी?”

“विहिरीला कशाला सात नंबर?”

“मग तुमचा ऊस या चारीवर जगतोय, हे अस्तर करणाऱ्याला कळायचं कसं? तुम्हालासुद्धा ते आजच कळलं.”

“बरोबर,” मघाचा माणूस म्हणाला. “कागदावर नाही त्याचा हक्क नाही. विषय संपला.”

“संपला कसा?” तात्या म्हणाले. “ऊस कागदावर वाळत नाही, रानात वाळतो. बापू, क्षेत्र मोजून घ्या, अर्ज द्या, आकारणी भरा. पुढच्या आवर्तनात तुमचं नाव लावू. अस्तरामुळे वाचलेलं पाणी आहे, कुणाची पाळी मोडणार नाही. पण यापुढं पाझराच्या भरवशावर एक कांडी लावायची नाही.”

तात्यांची पुतणी त्या सभेला मागे बसली होती. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. दोन दिवसांसाठी गावी आलेली. बापूंचं भांडण ऐकताना ती चमकली, कारण तिच्या ऑफिसात आठवडाभर हेच भांडण चाललं होतं. फक्त तिथे पाणी नव्हतं.

मोठं सॉफ्टवेअर एकसंध नसतं, अनेक भागांचं असतं. प्रत्येक भागाची एक बिल्ड फाईल असते. हा भाग तयार व्हायला आणखी काय काय लागतं, हे त्या फाईलीत लिहायचं. मग बिल्डचं साधन सगळ्या फाईली वाचतं, आधी काय आणि नंतर काय याचा क्रम लावतं आणि एकेक भाग बांधत जातं. या परंपरेचं मूळ १९७६ सालच्या ‘मेक’ या साधनात आहे. अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते लिहिलं. त्यामागचं निमित्त सांगण्यासारखं आहे. स्टीव्ह जॉन्सन हे त्यांचे सहकारी एकदा वैतागून त्यांच्याकडे आले. त्यांची अख्खी सकाळ एक चूक शोधण्यात गेली होती आणि ती चूक आधीच दुरुस्त झालेली होती. दुरुस्त केलेली फाईल पुन्हा कंपाईल करायची तेवढी राहून गेली होती. कशावर काय अवलंबून आहे हे माणसाच्या डोक्यात होतं, यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं. महाराष्ट्राचा पाटबंधारे अधिनियमही १९७६ चाच. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण कुणाला काय लागतं ते आधी नोंदवा, मग वाटप करू, ही दोन्हींची रीत मला एकाच जातीची वाटते.

पुतणीचं काम जावा भाषेतलं आणि बिल्डचं साधन ग्रेडल. या ग्रेडलच्या फाईलीत पूर्वी ‘कंपाईल’ या एकाच शब्दाने डिपेन्डन्सी, म्हणजे त्या भागाला लागणारी गोष्ट, लिहिली जायची. हिशेबाच्या भागाने एखादी लायब्ररी घेतली आणि पगाराच्या भागाने हिशेबाचा भाग घेतला, तर ती लायब्ररी पगाराच्या भागाला न मागता मिळायची. तिथला प्रोग्रामर ती बिनदिक्कत वापरायचा. आपल्या फाईलीत तिचं नाव लिहायची वेळच त्याच्यावर येत नसे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ग्रेडलच्या ३.४ आवृत्तीने जावा लायब्ररींसाठी दोन वेगळे शब्द दिले. ‘इम्प्लिमेंटेशन’ म्हणजे हे माझ्यापुरतं, ‘एपीआय’ म्हणजे हे मी पुढच्यालाही देतो आहे. २०२१ साली ७.० आवृत्तीने जुना ‘कंपाईल’ काढूनच टाकला.

तिच्या कंपनीत ही सुधारणा पोचली ती नावापुरती. कुणीतरी घाईत सगळ्या फाईलींमधला ‘कंपाईल’ शब्द बदलून सरसकट ‘एपीआय’ करून टाकला. बिल्ड चाललं, काम संपलं. अस्तर झाल्याची नोंद करायची आणि चारी मातीचीच ठेवायची, तसला हा प्रकार.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीत भयंकर छिद्र सापडलं. जगभरच्या कंपन्या एकच प्रश्न विचारत होत्या: ही आपल्याकडे कुठे कुठे आहे? पुतणीच्या ऑफिसात प्रत्येकाने आपली फाईल उघडून सांगितलं, आमच्याकडे नाही. प्रत्येकाचं म्हणणं खरं होतं. आणि तयार होऊन बाहेर पडलेल्या सॉफ्टवेअरात ती होती. दुसऱ्याच्या मागून, तिसऱ्याच्या मागून आत आलेली.

त्यानंतर हिशेबाचा भाग सांभाळणाऱ्या मुलाने ठरवलं, नको ते सामान काढायचं. त्याच्या फाईलीत एक जुनी लायब्ररी होती, त्याचा भाग ती कधीच वापरत नव्हता. त्याने ती ओळ काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी इतरांचे अनेक भाग बंद पडले. “तू आमचं तोडलंस!” सगळे त्याच्यावर तुटून पडले. तो म्हणे, “तुमच्या फाईलीत तर तिचं नावच नाही!” साहेबांनी ती ओळ परत घालायला लावली आणि बिघाड तसाच झाकला गेला.

त्या रात्री ओसरीवर पुतणीने विचारलं, “तात्या, तुम्ही बापूंना दोष का नाही दिलात? चूक त्यांचीच होती ना?”

“त्यांची होती. पण चारी मातीची कुणी ठेवली?” तात्या म्हणाले. “पाझर मिळतोय म्हटल्यावर माणूस पाझरावर जगणारच. त्याला ते कळतसुद्धा नाही. माणसाला बोल लावून पाझर थांबत नाही, पोरी. चारी बांधावी लागते. पण बांधायच्या आधी पाझरावर कोण कोण जगतंय ते फिरून बघायला हवं होतं. ते आमचं चुकलं.”

तिने ऑफिसातली गोष्ट सांगितली. तात्यांना संगणकातलं काही कळत नव्हतं, पण वही कळत होती. ते म्हणाले, “दोन याद्या कर. भिजवलं पण भरलं नाही, ही एक. भरलं पण भिजवलं नाही, ही दुसरी. नोकरीभर आम्ही हेच केलं. पहिल्याचा पंचनामा व्हायचा. दुसऱ्याकडे कुणी लक्ष देत नसे, पण त्याच्या नावचे तास वाया जायचे.”

ती थक्क झाली. जावाच्या मेवन या आणखी एका साधनात नेमकी हीच तपासणी आहे. तयार झालेला कोड वाचून ते दोन याद्या देतं: वापरलेल्या पण न लिहिलेल्या डिपेन्डन्सी, आणि लिहिलेल्या पण न वापरलेल्या.

“आणि वहीवर विसंबून कुणाचं नाव कापू नकोस,” तात्या पुढे म्हणाले. “बांधावर जाऊन बघ.”

पुण्याला परतून तिने ग्रेडलवर तशीच तपासणी बसवली आणि प्रत्येक भागाच्या दोन याद्या काढल्या. पहिली यादी लांबलचक निघाली. दुसरीही छोटी नव्हती, आणि तिच्या बाबतीत तात्यांचा इशारा ती विसरली. न वापरलेल्यांमध्ये डेटाबेसचा ड्रायव्हर होता. कोडमध्ये त्याचा थेट उल्लेख कुठेच नव्हता, म्हणून तिने ती ओळ काढली. बिल्ड सुरळीत पार पडलं. चाचणीसाठी सॉफ्टवेअर सुरू केलं तेव्हा मात्र डेटाबेसशी जोडणीच होईना. असा ड्रायव्हर चालू होताना शोधला जातो, कोड वाचणाऱ्या यंत्राला तो दिसत नाही. तिने ओळ परत घातली, ती ‘फक्त चालवताना लागतं’ या वर्गात. त्यानंतर दुसऱ्या यादीतलं प्रत्येक नाव तिने तो भाग सांभाळणाऱ्याशी बोलून, चालवून पाहूनच काढलं. वेळ गेला. जायलाच हवा होता.

पहिल्या यादीसाठी तिने नियम बिल्डच्या भाषेतच घातला. जो भाग जे वापरतो त्याचं नाव त्याच्याच फाईलीत हवं. पुढच्याला द्यायचं असेल तर तसं स्पष्ट लिहायचं, एरवी ते स्वतःपुरतं. सुरुवातीचे काही आठवडे नियम मोडला तरी बिल्ड थांबत नसे, नुसती सूचना येई. त्या सूचनेत दोष दाखवण्यापाशी ती थांबली नाही; कोणत्या फाईलीत नेमकी कोणती ओळ लिहायची, तेही छापून यायचं. माझ्या मते तिच्या सगळ्या कामातली सर्वांत शहाणी गोष्ट ही. नियम करणाऱ्याने पाळणाऱ्याच्या हातात कोरा अर्ज आणि पेनही द्यावं. तसं केलं नाही की लोक नियमाला वळसा घालतात, आणि मग आपण लोकांना नावं ठेवतो.

एक ज्येष्ठ सहकारी चिडले. “आजवर चालत होतं ना? ही कारकुनी कशाला?”

ती म्हणाली, “सर, चालत होतं, पण ते कुणाच्या तरी जिवावर. आतल्या एका भागात ओळ बदलली की सगळं पुन्हा कंपाईल होतं. चाचणीवाले शेवटी असतात, बिल्ड हातात येईपर्यंत त्यांची संध्याकाळ होते. त्यांना रोज ताटकळावं लागतं, आणि ते का, हे कुठल्याच फाईलीत लिहिलेलं नाही.”

त्यांना ते लगेच पटलं नाही. त्यांच्या भागात लिहायच्या ओळी सर्वांत जास्त होत्या, त्यामुळे राग समजण्यासारखा होता. पण ‘एपीआय’ च्या बऱ्याच ओळी ‘इम्प्लिमेंटेशन’ झाल्या आणि आतला बदल आतच राहू लागला. एरवी संध्याकाळी मिळणारं बिल्ड चाचणीवाल्यांना दुपारच्या जेवणाआधी मिळालं, तेव्हा त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी स्वतः बसून आपल्या ओळी पुऱ्या केल्या. त्यानंतर सूचनेची जागा अटकावाने घेतली: नाव नाही तर बिल्ड नाही.

इकडे गावी बापूंनी रब्बीचा सात नंबर भरला. आकारणीचा आकडा पाहून कुरकुरले. पाण्याला खरोखर किती पैसे पडतात हे पहिल्यांदाच समोर आलं होतं. निम्म्या उसाला त्यांनी ठिबक केलं आणि उरलेल्या रानात हरभरा टाकला. शेजपाळीत त्यांचं नाव आक्कांच्या बरंच नंतर लागलं, ते तोंडाशी म्हणून.

हिशेबाच्या भागाच्या त्या मुलाने काही दिवसांनी जुनी लायब्ररी पुन्हा काढायला घेतली. आता ती कोण वापरतं, ते त्याला विचारत फिरावं लागलं नाही. चार फाईलींमध्ये नाव होतं. त्याने चौघांना कळवलं. दोघांनी आठवड्यात दुसरी सोय केली. एकीने फाईल उघडून पाहिलं, आपल्याला ती आता लागतच नाही म्हणून ओळ खोडली. चौथे ते ज्येष्ठ सहकारी. त्यांना महिनाअखेरपर्यंत मुदत हवी होती. मुलाने ती दिली, आणि मुदतीची तारीख त्यांच्या फाईलीत त्या ओळीशेजारीच लिहून ठेवली.