घेवड्याचा वेल उपटल्यावर

भाविकहो, श्रीगुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातला घेवड्याचा वेल आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. घरात दाणा नाही, म्हणून ब्राह्मणाने श्रीनृसिंहसरस्वती महाराजांना घेवड्याच्या शेंगा वाढल्या. महाराज तृप्त झाले, आणि जाताना तोच वेल उपटून गेले! बाई रडू लागली. नवऱ्याने तिची समजूत घातली. पुढे मूळ खणताना द्रव्याने भरलेला कुंभ लागला. पारायणात आपण त्या कुंभापाशी फार लवकर पोहोचतो. रडणाऱ्या बाईपाशी थांबतच नाही.

२६ जुलै २००५ आठवा. गुरुपौर्णिमा होऊन पाचच दिवस झाले होते. आपल्या सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी नदी फुगली, कलिना-वाकोल्याकडचे तळमजले पाण्याखाली गेले. त्या रात्री मुंबईने अनोळखी माणसांना घरात घेतलं, चहा दिला, खिचडी दिली. त्यात आपण कमी पडलो नाही. पण पाणी ओसरलं, लोकल सुरू झाल्या, आणि ज्याचं घर बुडालं तो एकटा उरला. ऑगस्टात लेप्टोचा ताप आला. रेशनकार्ड, शाळेचे दाखले यांचा लगदा झालेला. शिवणकामावर घर चालवणाऱ्या बाईचं मशीन चिखलात. तोच तिचा घेवडा!

अशा घरी जाऊन आपण काय म्हणतो? "जीव वाचला ना, मग झालं. महाराज करतात ते बऱ्यासाठीच." अहो, तो ब्राह्मण धीराचं बोलला ते स्वतःच्या वेलाबद्दल, स्वतःच्या बायकोशी. कोरड्या घरातल्या माणसाच्या तोंडी ते शोभत नाही. मुळाखाली काय आहे हे महाराजांना ठाऊक होतं, आपल्याला नाही. आपल्या हाती एवढंच, की वेल पुन्हा लावायला मदत करायची.

त्याला पैसा लागतो, पण त्याहून वेळ लागतो. (जुन्या साड्यांचं गाठोडं देऊन मोकळं होणं सोपं असतं.) आपल्यापैकी कितीतरी जण बँकेतून, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत. दुसऱ्या रेशनकार्डाचा अर्ज भरून देणं, खिडकीपाशी त्या माणसाबरोबर उभं राहणं, मशीन दुरुस्त करून आणणं, ही दत्तसेवाच. पुढच्या पावसात कुणाच्या घरात पाणी शिरलं, तर पहिल्या दिवशी खिचडी न्याच. दिवाळीआधी मात्र पुन्हा एकदा जा, आणि आधी त्या बाईला बोलू द्या.