गाठ आणि नीती

अकुशलता हा केवळ व्यवहारातला उणेपणा आहे, की तो नैतिक दोषही ठरू शकतो? नीतिविचारात हेतूची चिकित्सा होते, परिणामांचीही होते. या दोहोंमधल्या हाताकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. त्या हाताचा विचार करण्यास एक लहानसे उदाहरण पुरेसे आहे : बनावट माशी वापरून मासा धरणाऱ्याने शिकावयाची गाठ.

इंग्लंडातील नद्यांवर ट्राउट मासा धरण्याची ही कला जुनी आहे. आयझॅक वॉल्टनच्या ‘द कम्प्लीट अँग्लर’ या १६५३ मधील ग्रंथाला चार्ल्स कॉटनने १६७६ मध्ये जी पुरवणी जोडली, तिचा मुख्य विषय हाच. त्या काळी दोर घोड्याच्या केसांचा असे. आज त्याच्या टोकाशी नायलॉनसारखा बारीक तंतू असतो. पिसे व धागे गुंडाळून गळावर माशी रचतात आणि तो गळ तंतूला गाठीने जोडतात. तंतू गळाच्या नेढ्यातून ओवायचा, त्याच्याच अंगाभोवती पाच वेढे द्यायचे, टोक नेढ्यालगतच्या फटीतून काढायचे आणि त्यामुळे झालेल्या मोठ्या फासातून पुन्हा ओवायचे. मग गाठ ओली करून सावकाश आवळायची. कोरडी गाठ झटक्याने ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने तंतू दुबळा होतो. वेढे एकमेकांवर चढले तर ताण सारखा वाटला जात नाही. हा दोष पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाही. मासा गळाला लागून ओढ बसली, की तो उघडकीस येतो.

तेव्हा हानी कोणाची? माणसाची एक माशी जाते. मासा तोंडात रुतलेला गळ घेऊन जातो. ‘मी मुद्दाम केले नाही’ हे म्हणणे खरे असले, तरी पुरेसे नाही. शिकाऊ हाताची गाठ चुकणारच. पण ती कोठे चुकावी, हे त्याच्या स्वाधीन असते. घरी बसून जाड दोरीवर चुकता येते. बांधलेली गाठ पाण्यात टाकण्यापूर्वी ओढून पाहता येते. सुश्रुतसंहितेने शस्त्रक्रियेच्या विद्यार्थ्याला छेदनाचा सराव कोहळा, काकडी अशा फळांवर आणि टाके घालण्याचा सराव जाड कापडाच्या व मऊ चामड्याच्या कडांवर करावयास सांगितले, त्यामागेही हीच दृष्टी असावी : शिकणाऱ्याच्या चुकांचे मोल सजीवाने देऊ नये.

मात्र कौशल्य म्हणजे सद्गुण नव्हे. फाशीचा दोर बांधणाराही कुशल असतो. करमणुकीसाठी माशाला गळ लावावाच का, या प्रश्नाला उत्तमातील उत्तम गाठीपाशीही उत्तर नाही. कृत्य करावे की नाही आणि करायचे तर कसे करावे, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पण पहिल्याचा निर्णय झाला नाही म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही. उलट, ज्याच्या मनात पहिल्याविषयी शंका आहे, त्याने दुसऱ्याबाबत अधिक दक्ष असले पाहिजे.

मराठीत ‘कुशल’ म्हणजे निपुण, आणि ‘कुशल’ म्हणजे सुखरूपही. बौद्धांच्या पाली ग्रंथांत ‘कुसल’ हा शब्द नैतिकदृष्ट्या हितकर कर्मासाठी योजला आहे. एका शब्दात हे अर्थ एकत्र नांदतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आपले नैपुण्य वाढवावे की नाही, हे एरवी आपल्या आवडीवर सोडता येईल. परंतु दुसऱ्या जीवाची सुखरूपता आपल्या हातावर अवलंबून असेल, तेथे शिकणे ऐच्छिक राहत नाही.