घराची परीक्षा की लेकराची?

लेवीय पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात घराला पडलेल्या चट्ट्याविषयी नियम आहे. आपण तो बहुधा घाईने वाचून पुढे जातो. भिंतीवर हिरवट अथवा तांबूस डाग दिसला की घरधन्याने आपण होऊन याजकाला कळवावे, याजकाने येऊन पाहावे, घर सात दिवस बंद ठेवावे; डाग पसरलाच तर धोंडे काढावेत, गिलावा खरवडून नगराबाहेर टाकावा. परीक्षा भिंतीची होते.

अमेरिकेतील काही राज्यांत मात्र कायद्याने परीक्षा होते ती लेकराची. तेथे घरगुती रंगातील शिशावर १९७८ साली बंदी आली, पण आधीचा रंग जुन्या खिडक्यादारांवर राहिलाच. तो झिजून त्याची धूळ होते, रांगत्या बाळाच्या हाताला लागते आणि हातावरून तोंडात जाते. शिसे मेंदूच्या वाढीला बाधते, पण बाळ वरून धडधाकट दिसते; रक्त तपासल्यावाचून कळत नाही. म्हणून न्यूयॉर्क राज्यात प्रत्येक बालकाचे रक्त पहिल्या व दुसऱ्या वर्षी तपासावे लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये तिसऱ्या वर्षीही. मिशिगनने असा कायदा २०२३ मध्ये केला. त्याच राज्यातील फ्लिंट शहरात २०१४ नंतर नळाच्या पाण्यातून शिसे आले होते.

माझ्या मुलाला सुई टोचण्याची सक्ती सरकारने का करावी, असे कोणी आईबाप विचारतील. याचे उत्तर मला कठीण वाटत नाही. जे लेकरू आपले दुखणे सांगू शकत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी विचारलेच पाहिजे. कठीण प्रश्न पुढचा आहे. तपासणीत शिसे सापडते तेव्हा ते अंगात गेलेले असते, आणि मेंदूची झालेली हानी भरून निघत नाही. म्हणजे भिंत वाईट आहे हे आपण बाळाच्या रक्तावरून ठरवतो. आणि मापही स्थिर नाही: दर डेसिलिटर रक्तात १० मायक्रोग्रॅम ही १९९१ ची काळजीची रेषा २०१२ मध्ये ५ वर, २०२१ मध्ये ३.५ वर आली. काल ज्या मुलांना निर्धास्त घरी पाठवले, त्यांचे काय?

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा आहे, ती कोणी पडण्याच्या आधीची. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात हा कठडा आहे. १९७८ पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालील मूल राहत असेल, तर शिशाच्या रंगाचा धोका दूर करणे मालकाकडे येते. आणि मूल आहे म्हणून घर भाड्याने नाकारता येत नाही. (कायदा करणाऱ्यांना मनुष्याचे मन ठाऊक होते!) न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहराने तर २००५ मध्ये भाड्याची जुनी घरेच तपासायचे ठरवले.

मग रक्ततपासणी सोडावी काय? नाही. २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात काही मुलांच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले. शोध घेता ते सफरचंदाच्या गोड खाऊत निघाले. त्यात घातलेल्या दालचिनीतून आले होते. भिंती कितीही तपासल्या असत्या तरी ते सापडले नसते.

आपल्या देशात घरगुती रंगात शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी १ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. बालकांच्या तपासणीची सक्ती नाही. आपली कित्येक मंदिरे व संडे स्कूलच्या खोल्या त्याआधी रंगवलेल्या आहेत. नाताळापूर्वी रंगकाम काढाल तेव्हा जुना रंग कोरडा घासू देऊ नका, ओला करूनच काढवा. धूळ ओल्या फडक्याने पुसून होईपर्यंत शिशुवर्ग दुसरीकडे भरवावा.