पहिले शील आणि राज्यसंस्थेचे कर्तव्य

आत्महत्या हा व्यक्तीचा स्वतंत्र निर्णय मानावा की परिस्थितीने घडवलेली कृती, या प्रश्नाची सर्वांत कठोर कसोटी श्रीलंकेत लागली. प्राणहानीपासून विरती हे बौद्ध धर्माचे पहिले शील असून, मृत्यूची प्रशंसा करून दुसऱ्याला मरणास प्रवृत्त करणे हा विनयपिटकात ‘पाराजिक’, म्हणजे भिक्षूला संघाबाहेर काढणारा अपराध आहे. तरीही या बौद्धबहुल देशातील आत्महत्येचे प्रमाण 1995च्या सुमारास जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते आणि त्यात ग्रामीण तरुणांचा वाटा मोठा होता. अतिविषारी कीटकनाशकांवर सरकारने टप्प्याटप्प्याने बंदी आणल्यावर पुढील वीस वर्षांत हे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी घटले. धर्मोपदेश तोच होता, दारिद्र्य सरले नव्हते, यादवी युद्धही 2009पर्यंत चालूच राहिले. कमी झाली ती मुख्यतः घातक साधनाची सुलभता. यावरून असे दिसते की यांतील अनेकांची मरणेच्छा हा पक्का संकल्प नसून तीव्र पण ओसरणारा आवेग होता, आणि सल्लेखनेसारख्या, म्हणजे दीर्घ विचाराअंती अन्नत्यागाने स्वीकारलेल्या देहान्ताच्या, निकषांनी त्याला तोलणे अन्यायाचे ठरते. अशा आवेगात सापडलेल्या माणसाला पापी किंवा गुन्हेगार ठरवल्याने तो मदतीपासून अधिकच दुरावतो. म्हणूनच श्रीलंकेने 1998मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्ह्यांतून वगळले, हे पहिल्या शीलाशी सर्वस्वी सुसंगत होते.