पिक्सेल, क्षण आणि गती

पिक्सेल आर्टच्या अ‍ॅनिमेशनमध्ये काहीही हलत नाही. एक स्थिर चित्र जाते, त्याच्या जागी दुसरे येते आणि पाहणाऱ्याला धावणारा माणूस दिसतो. कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रपटातही हेच घडते, पण तिथे निदान कुणीतरी कधीतरी खरोखर चाललेले असते. इथे तेवढाही आधार नाही. शिवाय काळाबरोबर अवकाशही तुकड्यांचा आहे: पडद्यावर एका पिक्सेलहून लहान पाऊल पडत नाही आणि एका फ्रेमहून लहान क्षण नसतो. गती मुळात सलग असते की क्षणांची मांडणी असते, हा जुना प्रश्न इथे प्रत्यक्ष कामाचा होतो.

ग्रीक तत्त्वज्ञ झेनो याने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात बाणाचे कोडे मांडले. प्रत्येक क्षणी बाण आपल्या आकाराएवढीच जागा व्यापतो, म्हणजे त्या क्षणी तो स्थिर असतो. मग तो उडतो केव्हा? बौद्ध तत्त्वज्ञ वसुबंधूने अभिधर्मकोशात त्याहून पुढची भूमिका घेतली. वस्तू जिथे उत्पन्न होते तिथेच नष्ट होते, ती कुठेही जात नाही; शेजारच्या जागी तिच्यासारखी दुसरी उत्पन्न होते आणि या मालिकेलाच लोक गती म्हणतात. वैशेषिकांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते कर्म, म्हणजे हालचाल, हा स्वतंत्र पदार्थ आहे आणि सुटलेल्या बाणात वेग नावाचा संस्कार असतो, तोच त्याला पुढे नेत राहतो.

अवकाश आणि काळ दोन्ही तुटक मानले, तर एक वस्तू जलद आणि दुसरी मंद कशी, ही अडचण उभी राहते. इस्लामी कलाम परंपरेतल्या अणुवाद्यांनी उत्तर दिले की मंद गतीत मध्ये मध्ये विश्रांतीचे क्षण असतात. नवव्या शतकातल्या अन-नझ्झामने अणू नाकारले, पण वस्तू मधली जागा न ओलांडता थेट पुढच्या जागी उडी घेऊ शकते, असे म्हटले. पिक्सेलच्या पडद्यावर ही दोन्ही उत्तरे शब्दशः खरी ठरतात. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मारिओच्या चालण्याचा कमाल वेग फ्रेममागे दीड पिक्सेल आहे. अर्धा पिक्सेल दाखवता येत नाही, म्हणून खेळ आपल्या स्मृतीत पिक्सेलचे सोळा भाग मोजतो आणि पडद्यावर मारिओ आलटून पालटून एक आणि दोन पिक्सेल सरकतो. सेकंदाला सुमारे ६० फ्रेम असल्याने ही उडी जाणवत नाही. मात्र थांबे आणि उड्या अनियमित पडल्या, तर तीच चाल अडखळल्यासारखी दिसते.

हाताने काढलेल्या हालचालीत हिशेब आणखी बारीक होतो. तलवारीचा वार घ्या. उगारलेली तलवार २०० मिलिसेकंद थांबते, प्रत्यक्ष वाराला ४० मिलिसेकंदांचे एकच चित्र मिळते, त्यात पात्याऐवजी पांढरी कमान असते आणि शेवटची मुद्रा पुन्हा रेंगाळते. सफाई यावी म्हणून वाराच्या मध्ये तितक्याच वेळेची आणखी तीन चित्रे घातली, की वार पाण्यातून फिरवल्यासारखा मऊ पडतो. सफाई चित्रांच्या संख्येत नसते, अंतराच्या वाटणीत असते. मॅक्स वर्थायमरने १९१२मध्ये प्रयोगाने हेच दाखवले: दोन रेषा वेळेच्या योग्य अंतराने आलटून पालटून दाखवल्या तर एकच रेषा सरकताना दिसते, अंतर फार वाढले तर एकामागून एक दोन रेषा, फार घटले तर दोन्ही एकदम. वाराची ती पांढरी कमान म्हणजे अलातचक्रच. फिरत्या कोलिताचे हे उदाहरण गौडपादांनी मांडूक्यकारिकेत वापरले आहे.

बौद्धांवर नैयायिकांचा एक मोठा आक्षेप प्रत्यभिज्ञेचा होता. सारे क्षणोक्षणी नवे असेल, तर ‘हा तोच’ ही ओळख कशी पटते? सादृश्यामुळे, हे बौद्धांचे उत्तर. पिक्सेल आर्टमध्ये ते तपासून पाहता येते. सोळा पिक्सेल उंचीच्या आकृतीची छाती श्वासागणिक एक पिक्सेल वर गेली, तर ती उचकी लागल्यासारखी दिसते. म्हणून कसबी कलाकार बाह्यरेषेला हात लावत नाही, फक्त कडेच्या पिक्सेलची छटा किंचित उजळवतो. डोळ्याला कड अर्धा पिक्सेल सरकल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात मात्र जागच्या जागी नवा रंग उमटलेला असतो. वसुबंधूच्या मताला याहून जवळचे उदाहरण सापडणे कठीण आहे.

तरीही हा पुरावा एका जागी अपुरा पडतो. बौद्ध मतात मागचा क्षण पुढच्याला जन्म देतो. चित्रांच्या मालिकेत तसे नाही: तिसरे चित्र पुसले तरी चौथे शाबूत राहते, कारण त्यांचा क्रम काढणाऱ्याने लावलेला असतो. खेळात आकृतीची पडद्यावरची जागा मात्र मागच्या फ्रेममधली जागा आणि साठवलेला वेग यांच्या बेरजेतून निघते. खेळ थांबवून ठेवला, तर उभा मारिओ आणि हवेत झेपावलेला मारिओ दोघेही सारखेच स्थिर दिसतात. फरक त्यांच्या नावे नोंदलेल्या वेगात असतो. वैशेषिक इथे आपल्या संस्काराकडे बोट दाखवील. बौद्ध म्हणेल, तो आकडाही याच क्षणाचा आहे आणि पुढची फ्रेम उत्पन्न करण्यापलीकडे त्याला काही काम नाही.