न ऐकलेल्याची किंमत

जुन्या रेकॉर्डच्या बाजारात न्याय उलटा चालतो. जिच्यावर कुणी जीव लावला ती तबकडी स्वस्त, आणि जी कपाटात पडून राहिली ती महाग. ‘गोल्डमाइन’ या अमेरिकी मासिकाच्या नावाने ओळखली जाणारी प्रतवारी आज जगभर चालते: मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, आणि तिथून पुढे नुसती उतरण. विक्रेता तबकडी दिव्याखाली तिरकी धरतो, ओरखडे शोधतो आणि तिला एकेक पायरी खाली उतरवतो. कव्हरवर कुणी शाईने स्वतःचं नाव लिहून ठेवलं असेल, तर त्याचेही पैसे कापतो.

सोल संगीताच्या बाबतीत हा हिशेब जास्त खटकतो. अरीथा फ्रँकलिनचे अटलांटिकवरचे साठच्या दशकातले अल्बम, किंवा मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीतून आलेलं ओटिस रेडिंगचं गाणं, हे संगीत नाचायचं होतं. घरगुती पार्ट्यांत रेकॉर्ड एकावर एक रचून ठेवायच्या, एक संपली की यंत्र दुसरी खाली पाडायचं. सुई जड, खोलीत गर्दी, कुणाच्या तरी हातात पेला. अशा घरातून स्वच्छ प्रत बाहेर कशी यावी? उलट पिंक फ्लॉइडचा १९७३ चा ‘डार्क साइड ऑफ द मून’ इतक्या प्रचंड संख्येने खपला, की त्याची बरी प्रत आजही शोधली तर मिळते.

या उलट्या न्यायाचं टोक पाहायचं तर इंग्लंडच्या उत्तरेकडे जावं लागतं. सत्तरच्या दशकात विगन कसिनोसारख्या नाचघरांत डेट्रॉइटच्या आपटलेल्या गाण्यांवर पोरं रात्रभर नाचत. डेट्रॉइटच्याच मोटाउन कंपनीचं गाजलेलं संगीत त्यांना नको होतं. कुणाच्याच कानावर न पडलेलं हवं होतं. डीजे लेबलवर कागद चिकटवायचे, म्हणजे शेजारच्या डीजेला गायकाचा पत्ता लागू नये. फ्रँक विल्सनचं ‘डू आय लव्ह यू (इन्डीड आय डू)’ हे १९६५ चं गाणं मोटाउनने छापलं आणि बाजारात आणण्याआधीच मागे घेतलं. विल्सन पुढे गायकापेक्षा निर्माता आणि गीतलेखक म्हणून नावारूपाला आला. त्या तबकडीच्या हातावर मोजण्याइतक्याच प्रती उरल्या. त्यांतली एक २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली. कंपनीने ती विकायला काढली असती, लोकांनी घेतली असती, वाजवून झिजवली असती, तर आज तिला कुणी विचारलं नसतं.

रॉकमध्येही असा प्रकार आहे. ‘लेड झेपलिन टू’ची १९६९ ची पहिली अमेरिकी आवृत्ती रॉबर्ट लडविग यांनी इतक्या दमदार आवाजात कापली, की साध्या प्लेअरवर सुई उडी मारायची. मग तोच अल्बम आवाज दाबून पुन्हा कापला गेला. लेबलालगतच्या कोऱ्या पट्टीत ‘आरएल’ ही अक्षरं कोरलेली ती पहिली प्रत आज संग्राहक भिंग घेऊन शोधतात. सामान्य घरात जी धड वाजली नाही, तीच आता सर्वोत्तम ठरली आहे.

संग्राहकांना हसणं सोपं आहे, पण त्यांचं म्हणणं खोटं नाही. खाच एकदा झिजली की झिजली. कितीही धुतली तरी आवाजाचा वरचा भाग परत येत नाही. खरखरीत आत्मा शोधणाऱ्यांचा तर मला कंटाळा येतो. हल्ली संगणकावर केलेल्या गाण्यातही मुद्दाम खरखर मिसळतात, हा निव्वळ नखरा आहे.

प्रश्न कलाकाराच्या पैशाचा आहे, असंही काही जण म्हणतात. अमेरिकेत १९०८ च्या एका पुस्तकाच्या खटल्यापासून न्याय स्पष्ट आहे: वस्तू एकदा विकली की पुढच्या विक्रीवर मूळ मालकाचा हक्क उरत नाही. म्हणून जुन्या रेकॉर्डचा एक डॉलरही गायकाला मिळत नाही. हे खरं, पण मोटाउनच्या बहुतेक गाण्यांमागे वाजवणाऱ्या फंक ब्रदर्सना नव्या रेकॉर्डच्या काळातही काय मिळत होतं? कव्हरवर त्यांची नावं पहिल्यांदा आली ती मार्विन गेच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. तोपर्यंत त्यांनी साठचं दशक जवळपास पूर्ण वाजवून काढलं होतं.

वरच्या पायऱ्यांचे जादा पैसे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांपर्यंत पोचत नाहीतच, म्हणून मी घेताना चौथ्या पायरीवर थांबतो. तबकडी सुई उडवत नसेल, कडेला चीर नसेल, तर ‘व्हेरी गुड’ पुरे. आपल्याकडे कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापलेल्या बीटल्सच्या प्रतींनाही मी हाच नियम लावतो. दमट हवेने कव्हरं डागाळलेली असतात, त्यामुळे भाव आणखी उतरतो. कव्हरवर नाव लिहिलेलं असेल तर उत्तमच. कुणीतरी ही स्वतःची मानली होती एवढं त्यावरून कळतं, आणि शिवाय घासाघीस करायला सबब मिळते.