देहाचा भोग आणि गावाचा दोष

माणूस आजारी पडला म्हणजे आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणते, हा पूर्वजन्मीचा भोग आहे, भोगल्यावाचून सुटका नाही. दुसरे म्हणते, ज्याने जिभेला आवर घातला नाही त्याने आता निस्तरावे. पहिले उत्तर देवळाच्या पारावर ऐकू येते, दुसरे दवाखान्याच्या ओसरीवर. ही उत्तरे एकमेकांना उलटी दिसतात खरी, पण दोहोंचा उपयोग एकच. उत्तर देणारा मोकळा होतो, आणि आजाऱ्याचे व त्याचे काही देणेघेणे उरत नाही. देहाच्या आजारात त्या देहधाऱ्याचा वाटा किती आणि त्याच्या भोवती राहणाऱ्या आपणां सर्वांचा वाटा किती, एवढाच विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. प्रश्न वैद्यकाचा दिसतो, पण तो धर्माचा आहे. कारण दोष कोणाचा हे ठरल्यावाचून कर्तव्य कोणाचे हे ठरत नाही.

आपल्या भंडारा जिल्ह्यातल्याच एका धान्याची हकिकत आधी पाहू. हा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. धान उभे असतानाच, कापणीच्या थोडे आधी, बांधीतल्या ओलीवर लाखोरी फेकतात. यालाच उतेरा म्हणतात. वेगळी नांगरट नको, वेगळे पाणी नको. धान निघाले की मागे लाखोरी उभी. गरिबाची डाळ ती. या डाळीत एक विषारी द्रव्य असते. भाताबरोबर, दुसऱ्या डाळी-भाजीबरोबर अधूनमधून खाणाऱ्याला तिने सहसा काही होत नाही. पण घरात दुसरे काहीच नाही म्हणून महिनोन्महिने तीच खाल्ली, तर पायांतली शक्ती जाते, धडधाकट माणूस काठीवर येतो, आणि ती पांगळीक मग जन्माची होते. १८३० च्या सुमारास सागर भागात गव्हाची पिके बुडाली तेव्हा लोक या डाळीवर जगले आणि पांगळे झाले, हे स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. पुढे रीवाकडच्या मुलखात वेठीच्या मजुरांना मजुरीच या डाळीत मोजून मिळे, आणि तेथेही तेच झाले.

आता सांगा, तो मजूर पांगळा झाला कशाने? डाळीने म्हणावे, तर मालकाच्या कोठीतही तीच डाळ होती आणि मालकाचे पाय शाबूत होते. जिभेच्या चोजल्याने म्हणावे, तर त्याच्या ताटात निवडायला दुसरे होते काय? प्रारब्धाने म्हणावे, तर हे प्रारब्ध नेमके मजुराच्याच घरी का उतरावे आणि मालकाच्या वाड्याला वळसा का घालावा? सरळ उत्तर असे की पाय गेले ते मजुरीच्या मापाने गेले. १९६१ पासून या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. २००८ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या राज्यापुरती ती उठवली. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले की विष बरेच कमी होते, हेही जाणत्यांनी दाखवून दिले आहे. पण खरा उतारा पाण्यात नाही. ताटात दुसरा पदार्थ येणे हाच खरा उतारा.

येथे कोणी भाविक विचारील, मग प्रारब्ध म्हणून काही नाहीच का? तसे आमचे म्हणणे नाही. परंतु हा शब्द कोठे वापरावा याचा विवेक हवा. स्वतःच्या दुःखाला प्रारब्ध म्हटले तर मनाला धीर येतो, तक्रार मावळते, नाम घेता येते. तोच शब्द शेजाऱ्याच्या दुःखाला लावला की त्याचा निष्ठुरपणा होतो. औषध तेच, पण ज्याने घ्यावयाचे त्यानेच घ्यावे. आपल्या संतांनी स्वतःचे हाल निमूटपणे सोसले, पण दुसऱ्याच्या तहानेला त्याचे कर्म म्हटले नाही. नाथांनी काशीची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली ही कथा आपण दर सप्ताहात ऐकतो. गाढवाच्या पूर्वकर्माची चौकशी करीत ते बसले नाहीत.

बरे, लाखोरी झाली नाइलाजाची गोष्ट. व्यसनाचे काय? तो तर ज्याचा त्याचा दोष ना? आपल्या झाडीपट्टीतला खर्राच घ्या. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा खर्रा आज कोणत्या गावात मिळत नाही? सुपारी आणि तंबाखू दोन्ही कर्करोगाला कारण होतात हे आता निश्चित ठरले आहे. पण कर्करोगाच्याही आधी एक गोष्ट घडते. गालाच्या आतली त्वचा ताठरते, जबडा आखडतो, आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. तिखट सोसत नाही, घास जात नाही. वारकरी बांधवांनो, ज्या मुखाने नाम घ्यावयाचे ते मुखच मिटते! २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखू सेवन करणारे आढळले, आणि त्यांतले बहुतेक ओढणारे नव्हेत, चघळणारे.

हा दोष खाणाऱ्याचा आहेच. पण तो त्याला लागला कसा ते पाहा. आषाढात रोवणा येतो. गुडघाभर चिखलात वाकून दिवसभर पऱ्हे लावायचे, पाठ मोडते, भूक लागते, आणि खर्रा तोंडात धरला की भूकही दबते, शीणही दबतो. पुढे तो कामापुरता राहत नाही. पाहुणा आला, पाणी दिले, मग खर्रा. लग्नाची बैठक, खर्रा. मयतीला गेलो, खर्रा. नाही म्हणणाराच वेगळा पडतो. आणि आणायला पाठवतो आपण कोणाला? दहा वर्षांच्या पोराला! मग त्याच पोराला वीस वर्षांनी व्यसनी म्हणायचे आणि त्याच्या कर्माला बोल लावायचा, हा न्याय झाला का? विडीचेही तसेच. या भागात पिढ्यान्पिढ्या बायकांनी विड्या वळून संसार चालवले. स्वतः एकही विडी न ओढता तंबाखूची धूळ त्यांच्या हातांतून आणि श्वासातून अंगी गेली. त्यांचे व्यसन कोणते? पोट हेच त्यांचे व्यसन.

शहाणे लोक म्हणतील, हे गरिबीचे झाले; पोट भरले की प्रश्न संपला. तेही पुरते खरे नाही. विलायतेत १९६७ पासून लंडनच्या सुमारे अठरा हजार सरकारी नोकरांच्या प्रकृतीची पाहणी झाली. सगळ्यांना नोकरी होती, पगार होता, औषधपाणी होते. उपाशी कोणी नव्हता. तरी अगदी खालच्या पायरीवरच्या नोकरांत मृत्यूचे प्रमाण वरच्या पायरीवरच्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. विडी-सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही सगळा फरक उलगडेना. ज्याला सदा दुसऱ्याच्या हुकुमात राहावे लागते, ज्याच्या शब्दाला मोल नाही, त्याचा देहही आतून झिजतो, असा त्यातून निघणारा अर्थ आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात सुमारे सात हजार माणसांवर नऊ वर्षे नजर ठेवली, त्याची हकिकत १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना नातेगोते, मित्र, मंडळी फारशी नव्हती, त्यांच्यांत मृत्यूचे प्रमाण भरल्या गोतावळ्यातल्यांच्या दुपटीहून अधिक होते. एकटेपण नुसते मनाला खात नाही, ते हाडामांसालाही खाते.

ही पायरी आपल्या घरात नाही असे समजू नका. घरात शेवटी कोण जेवते? जिने रोवण्यातून येऊन चूल पेटवली, ती. उरले तर जेवते, न उरले तर पेजेवर भागवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक रक्ताने उणावलेल्या आढळल्या. हे काय त्यांच्या जिभेच्या हट्टाने झाले? चुलीचा धूर तिच्याच छातीत. रुक्मिणीमातेला आपण आधी नैवेद्य दाखवतो आणि घरच्या रुक्मिणीला तळची खरवड ठेवतो. या विसंगतीचा विचार कीर्तनात कधी व्हावयाचा?

आणखी एक गोष्ट पाहा. आंभोऱ्याला वैनगंगा आणि कन्हान एकत्र येतात. मुकुंदराजांनी विवेकसिंधू तेथेच रचला अशी आपल्याकडची परंपरा. आज त्याच पाण्यात नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेच्या वाटे येऊन मिळते आणि १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात साठते. काठच्या गावचा माणूस कितीही निर्व्यसनी असो, एकादशी करो, तुळशीची माळ घालो, त्याच्या घशात उतरते ते दुसऱ्याचे टाकलेले. येथे त्याच्या एकट्याच्या संयमाने काय होणार? एके काळी पंढरीच्या यात्रेत पटकीने माणसे पटापट मरत. तीही कोणाच्या पापाने मरत नव्हती, घाण पाण्याने मरत होती. पाण्याची आणि स्वच्छतेची व्यवस्था सुधारली तशी ती मरी हटली. गाडगेबाबांनी दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन धरले ते उगाच नव्हे. १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी ही दोन कामे वेगळी मानली नाहीत.

येथे एक मोठी शंका उभी राहते, ती टाळून चालणार नाही. सगळे मजुरीवर, पाण्यावर आणि संगतीवर ढकलले, तर माणसाची स्वतःची जबाबदारी ती काय उरली? व्यसनी म्हणेल, मी काय करू, गावच तसे आहे! आमचे उत्तर असे : जबाबदारी उरते, पण ती एकट्याने पेलत नाही. आपल्या माळेचेच उदाहरण घ्या. माळ घालणारा मद्य-मांस सोडतो, तो संकल्प त्याचा स्वतःचा. पण तो टिकतो कशाने? दिंडीने टिकतो. वारीत भल्या पहाटे उठणे, दिवसभर चालणे, वेळेवर पंक्तीत बसून साधे अन्न घेणे, संध्याकाळी भजन, कोणी मागे पडला तर त्याची वाट पाहणे. मोजके खाणे, मोजके जागणे, मोजके हिंडणे हे गीतेच्या सहाव्या अध्यायातले पथ्य वारीत कोणी न सांगता पाळले जाते, कारण भोवतीचे सगळे ते पाळत असतात. घरी आल्यावर आठ दिवसांत सगळे सुटते. माणूस तोच, माळ तीच. सुटली ती संगत. वारी पंधरा दिवसांची आणि पानठेला बारा महिन्यांचा, मग जिंकणार कोण?

नुसत्या कायद्यानेही हे साधत नाही. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, तरी पुड्या दिसतातच. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. कायदा दार लावतो, पण आतल्या माणसाला सोबत देत नाही. सोबत द्यावयाची ती गावाने.

म्हणून गावोगावच्या भजनी मंडळांस आमची विनंती आहे. सप्ताहाच्या मंडपात आणि मंडपाच्या आवारात खर्रा येऊ देऊ नका. विणेकऱ्यापासून पखवाजवाल्यापर्यंत हा नियम सर्वांना एकच असावा. पोरांना खर्रा आणायला पाठवू नका. काल्याच्या दिवशी पहिली पंगत बायांची बसवा, आणि घरीही तोच पायंडा पाडा. सप्ताहातला एक दिवस जवळच्या आरोग्य केंद्राशी बोलून रक्तदाब, साखर आणि तोंड तपासण्याचा ठेवा. हे रोग दुखायला लागण्याआधी पुष्कळ दिवस मुक्याने वाढतात. गावात एकटा पडलेला म्हातारा, विधवा, मुले शहराकडे गेलेली माउली यांच्या ओसरीवर आठवड्यातून एक दिवस हरिपाठ म्हणा. मजुरी ठरवताना, पाण्याची तक्रार लिहिताना टाळकऱ्यांची सही खाली असू द्या. यात राजकारण काही नाही, शेजारधर्म आहे. आणि जो सोडू पाहतो आणि पुन्हा घसरतो त्याला हसू नका. दिंडीत मागे पडलेल्याला आपण हसत नाही, त्याचे बोचके आपल्या खांद्यावर घेतो.

चंद्रभागेच्या वाळवंटात आपण एकमेकांच्या पायां पडतो. लहान-थोर, धनी-मजूर, कोणी पाहत नाही. तो नमस्कार समोरच्या देहातल्या देवाला असतो. पण देवाला नमस्कार करावयाचा आणि त्याच्या राउळाची पडझड शांतपणे पाहावयाची, हे बरे दिसत नाही. शेजाऱ्याचा देह हेही राउळच. त्याच्या भिंतीतले काही चिरे त्याने स्वतः काढले असतील, काही आपण सर्वांनी मिळून काढले आहेत. कोणते कोणाचे याचा हिशेब देवाने करावा. चिरे परत बसवण्याचे काम मात्र आपले आहे.

॥ रामकृष्ण हरी ॥